चूल, वैल आणि रबाळ्याचा बंद पडलेला गॅस प्लांट

"भाऊजी, त्या प्लांटमध्ये अजून गॅस असेल का हो?" शेजारच्या वहिनींनी जिन्यातच थांबवून विचारलं.

ऐरोलीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरून रबाळे एमआयडीसीतली एक बुटकी, जाड, पोलादी चिमणी दिसायची. त्या आठवड्यात क्रेन लावून तिचा वरचा अर्धा भाग उतरवला होता. खाली गॅस कटरच्या ठिणग्या संध्याकाळी उशिरापर्यंत उडत होत्या, आणि सोसायटीच्या ग्रुपवर 'गॅसचा प्लांट कापतायत, खिडक्या लावून घ्या' असा निरोप फिरत होता.

वहिनींची शंका रास्त होती. उत्तर 'नाही' एवढंच आहे. पण ते 'नाही' मिळवायला काय काय करावं लागतं हे कळल्याशिवाय कुणी त्यावर विश्वास ठेवू नये. मी त्या प्लांटमध्ये एकोणीस वर्षं पाळीत काम केलंय. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर असे प्लांट चालवणारी ती एकटी नव्हती.

अशा प्लांटला को-जनरेशन प्लांट म्हणतात. मराठी वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना 'सहवीजनिर्मिती' हा शब्द साखर कारखान्यांच्या बातम्यांमधून ओळखीचा आहे. तिथे उसाचा बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरलेला चोथा, जाळून वाफ करतात, ती वाफ आधी टर्बाइन फिरवून वीज देते आणि मग तीच वाफ पुढे जाऊन रस आटवते. एकदाच जाळायचं आणि दोन कामं करून घ्यायची. आमच्याकडे बगॅसच्या जागी नैसर्गिक वायू होता आणि रसाच्या जागी रसायनं.

याहून सोपं उदाहरण माझ्या आजोळच्या स्वयंपाकघरात आहे. मुरबाडकडच्या त्या घरात मातीची चूल होती. पुढच्या तोंडावर भाकरीचा तवा, आणि बाजूला चुलीला आतून जोडलेला वैल. वैलाखाली वेगळं लाकूड घालत नाहीत. तव्याखालून पुढे सरकलेली धग तिथे पोचते आणि तिच्यावर आमटी नाहीतर दूध तापत राहतं. को-जनरेशन म्हणजे हेच: चुलीवर वीज, वैलावर वाफ. आजी वैल कधी रिकामा ठेवत नसे. काही नसलं तर पाण्याचं भगुणं तरी चढवायचीच. हे लक्षात ठेवा, कारण आमचा प्लांट का बंद पडला याचं उत्तर त्या रिकाम्या वैलात आहे.

आधी उष्णतेचा हिशेब मात्र मांडायला हवा. एक लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत न्यायला ७० किलोकॅलरी लागतात. आता उकळी फुटली. यापुढे तापमान वाढत नाही, पण त्या सगळ्या पाण्याची वाफ व्हायला आणखी ५४० किलोकॅलरी लागतात, म्हणजे जवळजवळ आठपट. चहाच्या आधणाला पाच मिनिटांत उकळी येते, पण ते गॅसवर विसरलात तर पातेलं कोरडं पडायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ जातो. हा त्या ५४० चा परिणाम.

कोळशाच्या मोठ्या वीज केंद्रात याच ५४० वर पाणी सोडावं लागतं. वाफ टर्बाइनमधून जाते, वीज होते, पण शेवटी त्या वाफेचं पुन्हा पाणी करून ते बॉयलरला परत द्यायचं असतं. त्यासाठी ती थंड करतात. थंड करताना वाफेने पोटात घेतलेली ही उष्णता बाहेर पडते आणि समुद्राच्या पाण्यात किंवा कूलिंग टॉवरवरून हवेत जाते. म्हणून कोळशातल्या १०० भाग उष्णतेपैकी जेमतेम ३५ ते ४० भाग वीज होऊन तारेत येतात. बाकीची उष्णता कुणाला द्यावी म्हटलं तर ती ४०-४५ अंशांची कोमट असते, तिचं कुणाला काही करता येत नाही. कामाची गरम वाफ बाहेर काढून द्यावी तर ती फार लांब नेता येत नाही. डहाणूच्या केंद्रातली वीज मुंबईच्या उपनगरांत पोचते. रबाळ्याची वाफ वाशीपर्यंत न्यायची म्हटली तरी परवडणार नाही. वाफेचं गिऱ्हाईक कुंपणाला लागूनच असावं लागतं.

रासायनिक कारखान्याला नेमकी वाफच हवी असते. रसायनं जिथे घडतात त्या रिॲक्टरच्या बाहेरच्या आवरणाला, म्हणजे जॅकेटला, वाफ, डिस्टिलेशनच्या कॉलमला वाफ, ड्रायरला वाफ. वीजही लागते, पण वाफ जास्त. एमआयडीसीने १९६० च्या दशकात खाडीच्या या बाजूला ठाण्यापासून बेलापूरपर्यंत औद्योगिक पट्टा आखला, नोसिलसारखे मोठे कारखाने उभे राहिले, आणि दिघा, रबाळे, महापे, तुर्भे या गावांच्या नावांपुढे एमआयडीसी लागलं. त्या काळात बॉयलर हाऊस नसलेला कारखाना इथे शोधावा लागला असता. पुढे नैसर्गिक वायूची पाइपलाइन आली, तेव्हा काहींनी विचार केला की नुसती वाफ करण्यासाठी एवढा चांगला गॅस जाळण्यापेक्षा आधी त्यातून वीज काढून घ्यावी. आमचा प्लांट त्याच विचारातून उभा राहिला.

पाच-पाच मेगावॅटची दोन गॅस टर्बाइन होती. गॅस टर्बाइन हे विमानाच्या जेट इंजिनाचं जमिनीवर बसवलेलं भावंड. पुढच्या बाजूच्या पात्यांच्या रांगा हवा आत ओढून तिला दाबतात. मधल्या भागात त्या दाबलेल्या हवेत गॅस जळतो. हजार अंशांच्या आसपास तापलेले वायू मागच्या पात्यांना रेटत बाहेर पडतात, दांडा फिरतो, दांड्याला जोडलेलं जनरेटर फिरतं. मागच्या पात्यांनी मिळवलेल्या ताकदीतली निम्म्याहून जास्त पुढची हवा दाबण्यातच खर्ची पडते. उरते तिची वीज.

बाहेर पडणारा धूर अजून ५०० अंशांच्या वर गरम असतो. त्याला धूर म्हणायचं ते सवयीने, डोळ्यांना काही दिसत नाही. हा धूर सरळ चिमणीत न सोडता दुमजली घराएवढ्या एका पेटीतून नेतात. आत नळ्यांची जंगी रांग, नळ्यांत पाणी, बाहेरून गरम वायू. याचं नाव वेस्ट हीट बॉयलर. आम्ही 'एचआरएसजी' म्हणायचो. इथे वेगळी आग नाही, हाच तो वैल. पेटीतून पलीकडे जाईपर्यंत धूर दीडशे अंशांपर्यंत उतरतो आणि एका टर्बाइनमागे ताशी १२ टनांच्या आसपास वाफ मिळते. कधी कारखान्याने जास्त वाफ मागितली तर डक्ट बर्नर पेटवायचा. गॅस टर्बाइन ज्वलनाला लागते त्याहून कितीतरी जास्त हवा आत घेतं, त्यामुळे त्याच्या धुरात १५ टक्के तरी प्राणवायू शिल्लक असतो. त्यावर पुन्हा थोडा गॅस जाळता येतो.

खाडीच्या हवेविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण आमच्या अर्ध्या तक्रारी तिथून यायच्या. गॅस टर्बाइनची क्षमता १५ अंश तापमानाला मोजून लिहिलेली असते. हवा तापली की विरळ होते, तेवढ्याच घनफळात कमी वजनाची हवा आत जाते, आणि दर अंशामागे अर्धा-पाऊण टक्का ताकद कमी होते. मे महिन्यात ३५ अंशांना पाचचं टर्बाइन सव्वाचारवर यायचं. त्यात ठाण्याच्या खाडीवरून येणारी खारट, दमट हवा. फिल्टर कितीही चांगले लावा, पात्यांवर मिठाचा आणि धुळीचा पातळ थर बसतोच, आणि तो बसला की हवा नीट दाबली जात नाही. मग टर्बाइन थांबवून, थंड करून, शुद्ध पाणी आणि साबणाने आतून धुवायचं. धुतल्यावर पाटीवरचा आकडा दोन-तीन टक्क्यांनी वर सरकला की सगळी पाळी खूश व्हायची.

आता पैशाचं बोलू. एक घनमीटर नैसर्गिक वायू जाळला की साधारण दहा युनिट उष्णता मिळते. युनिट म्हणजे तुमच्या वीज बिलावरचं युनिटच. आमच्या आकाराच्या टर्बाइनमध्ये त्या दहातली तीन वीज होतात, पाच वाफेत जातात आणि दोन चिमणीतून, भिंतींतून वाया जातात. दहातली आठ कामी आली.

समजा गॅस दहा डॉलर प्रति एमएमबीटीयू आहे आणि डॉलर ८५ रुपयांचा. एमएमबीटीयू हे गॅसच्या व्यापारातलं माप, त्यात २९३ युनिट उष्णता असते. म्हणजे उष्णतेचं एक युनिट २ रुपये ९० पैशांना पडलं, आणि आपला घनमीटर २९ रुपयांना. त्यातून फक्त तीन युनिट वीज वापरली आणि वाफ सोडून दिली, तर वीज नुसत्या इंधनापोटी साडेनऊ रुपयांच्या वर जाते. कुणीही ती घेणार नाही. पण वाफेचं गिऱ्हाईक असेल तर? तीच पाच युनिट वाफ साध्या गॅस बॉयलरमध्ये करायला त्याला पावणेसहा युनिट गॅस जाळावा लागला असता, म्हणजे साडेसोळा रुपये. ते वाफेच्या खात्यावर टाका. विजेच्या वाट्याला साडेबारा उरले. तीन युनिटांत वाटले तर सव्वाचार रुपयांच्या आत.

मशीन तेच, गॅस तोच, भावही तोच. वाफ घेणारं कुणी आहे की नाही एवढ्यावरून वीज सव्वाचारची होते किंवा साडेनऊची. को-जनरेशनबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर मी ही सांगेन. बाहेरून सगळे टर्बाइन बघतात, किती मेगावॅटचं म्हणून विचारतात. प्लांटचं आयुष्य मात्र कुंपणापलीकडून येणाऱ्या वाफेच्या मागणीवर ठरतं.

वैल रिकामा कसा झाला

आमच्या कारखान्याची मागणी चांगल्या दिवसांत ताशी २२-२३ टन वाफेची होती. दोन्ही टर्बाइन भरून चालायची. मग एक उत्पादन दुसऱ्या राज्यातल्या नव्या कारखान्यात गेलं, दोन वर्षांनी आणखी एक. मागणी नऊ टनांवर आली. एक टर्बाइन बंद ठेवलं. उरलेलंही अर्ध्या भाराने चालवायला लागलो, आणि गॅस टर्बाइनला अर्धा भार सोसत नाही: वीज निम्मी होते, गॅस मात्र निम्मा होत नाही.

टर्बाइन आणि बॉयलर यांच्या मध्ये एक मोठा लोखंडी पडदा असतो, डायव्हर्टर डॅम्पर. वाफ नको असेल तेव्हा तो फिरवून धूर बॉयलरकडे न जाऊ देता सरळ बायपासच्या चिमणीत सोडतात. पूर्वी हा डॅम्पर सुरू करताना आणि बंद करताना तेवढा हलायचा. शेवटच्या वर्षांत तो पाळीतून दोन-दोन तास अर्धवट बायपासकडे वळलेला असायचा. ५०० अंशांची ती उष्णता ऐरोलीच्या आभाळात जात होती आणि मी लॉगशीटवर तिची नोंद करत होतो. मला ते बघवत नसे.

त्यातच गॅसचा भाव. आपल्याकडचा स्वस्त देशी वायू आधी घरगुती गॅस, सीएनजी आणि खत कारखान्यांना मिळतो. बाकीच्यांना बरेचदा परदेशातून जहाजाने आलेल्या द्रवरूप वायूवर भागवावं लागतं. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-६ क्षेत्रातून २००९ मध्ये वायू येऊ लागला तेव्हा देशभर नव्या गॅस वीज केंद्रांची लाट आली. ते उत्पादन दोन-तीन वर्षांतच घसरू लागलं आणि हजारो मेगावॅटची नवी कोरी केंद्रं गॅसविना उभी राहिली. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, युरोप मिळेल ती जहाजं उचलू लागला, आणि आयात वायूचा बाजारभाव दहाचा तीस-चाळीस डॉलरवर, काही दिवस त्याहूनही वर गेला. वरचा हिशेब त्या भावाने करून बघा. त्याच काळात दिवसाची सौर वीज स्वस्त होत गेली आणि वाफेसाठी शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या ठोकळ्यांवर, म्हणजे ब्रिकेटवर, चालणारे बॉयलर मिळू लागले. ब्रिकेटवरची वाफ गॅसच्या वाफेपेक्षा स्वस्त. म्हणजे ज्या साडेसोळा रुपयांच्या आधारावर आमची वीज स्वस्त ठरत होती, तो आधारच खचला.

तरीही असा प्लांट एका दिवसात बंद होत नाही. तो ओढत ओढत पुढच्या ओव्हरहॉलच्या तारखेपर्यंत जातो. आमच्या जातीच्या टर्बाइनचा गाभा साधारण तीस हजार तासांनी, म्हणजे सलग चालवला तर साडेतीन वर्षांनी, बदलून घ्यावा लागतो. खर्च कोटींमध्ये. ती फाइल टेबलावर आली की मालक विचारतो, पुढची साडेतीन वर्षं हे पैसे सुटतील का? आमच्याकडे उत्तर 'नाही' आलं.

हीच कहाणी फार मोठ्या आकारात इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर घडली, आणि तिचा धागा आपल्या कोकणात येतो. टीसाइडला विल्टन इथे आयसीआय कंपनीचं अवाढव्य रासायनिक संकुल होतं. त्याला वाफ देणारं आणि ग्रिडला वीज देणारं १,८७५ मेगावॅटचं गॅस केंद्र १९९३ मध्ये सुरू झालं. आठ गॅस टर्बाइन, त्यांच्या धुरावर वाफ, त्या वाफेवर आणखी दोन स्टीम टर्बाइन, आणि शिवाय कारखान्यांना वाफ. त्या प्रकारचं ते तेव्हा युरोपातलं सर्वांत मोठं केंद्र होतं. ते उभारण्यात पुढाकार होता एन्रॉनचा. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये एन्रॉनच्या दाभोळ कंपनीने महाराष्ट्र राज्य वीज मंडळाबरोबर वीज खरेदीचा करार केला.

दाभोळला वाफेचं गिऱ्हाईक नव्हतं. गुहागरच्या त्या किनाऱ्यावर विल्टनसारखं कारखान्यांचं जाळं नव्हतं. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला तोही गॅसवर नाही, नाफ्त्यावर. वीज महाग पडली, वाद पेटला, २००१ मध्ये केंद्र थांबलं आणि त्याच वर्षअखेरीस एन्रॉन स्वतः दिवाळखोरीत गेली. टीसाइडचं केंद्र मात्र मालक बदलत पुढे चालत राहिलं, कारण त्याच्या शेजारी वाफ घेणारे होते. पण आयसीआयने तिथले आपले उद्योग एकेक करून विकले, संकुलाचं रूप बदललं, आणि २०१० नंतर ब्रिटनमध्ये गॅस महाग आणि कोळसा स्वस्त झाला. २०१३ मध्ये केंद्र बंद झालं आणि पुढे पाडलं गेलं. वीस वर्षं. वीज केंद्राच्या मानाने हे वय म्हातारपणाचं नाही.

आपल्या जवळचं उरणचं केंद्र को-जनरेशन प्लांटपेक्षा वेगळं आहे आणि लोक दोन्हींची गल्लत करतात म्हणून सांगतो. उरणला मुंबई हायचा वायू किनाऱ्याला येतो. तिथे महानिर्मितीचं ६७२ मेगावॅटचं केंद्र आहे: १०८ मेगावॅटची चार गॅस टर्बाइन आणि त्यांच्या धुरातल्या उष्णतेवर चालणारी १२० मेगावॅटची दोन स्टीम टर्बाइन. वाफ पुन्हा विजेसाठीच वापरली जाते, कारखान्याला जात नाही. याला कम्बाइंड सायकल म्हणतात. त्याला वाफेच्या गिऱ्हाइकाची गरज नाही, गॅस मात्र पुरेसा हवा, आणि तो गेली कित्येक वर्षं क्षमतेपेक्षा कमीच मिळतोय. तिथले १९८२ चे सुरुवातीचे ६० मेगावॅटचे संच तर केव्हाच निवृत्त झाले.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे

प्लांट कायमचा बंद करताना सर्वांत आधी गॅस तोडतात. व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे गॅस तोडला असं नाही. व्हॉल्व्ह झिजतो, गळतो, चुकून उघडला जातो. म्हणून दोन व्हॉल्व्ह बंद करून त्यांच्यामधला तुकडा हवेत मोकळा करतात, मग फ्लॅन्ज, म्हणजे दोन पाइपांचा बोल्टने आवळलेला सांधा, उघडून मध्ये पोलादी चकती घालतात. तिला ब्लाइंड म्हणतात. कायमचं बंद करायचं असेल तर पाइपचा एक हातभर तुकडाच काढून टाकतात. त्या ठिकाणी उभं राहून कुणालाही डोळ्यांनी दिसतं की पाइप जोडलेलाच नाही. मला ही पद्धत सगळ्यात आवडते, कारण तिला कुठल्या कागदाची साक्ष लागत नाही.

मग पाइपात उरलेला गॅस. इथे चूक झाली तर माणसं मरतात, म्हणून सावकाश सांगतो. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. हवेत तो ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर पेट घेत नाही, १५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तरीही घेत नाही, कारण मग प्राणवायू पुरत नाही. धोका या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. गॅसने भरलेल्या पाइपात सरळ हवा सोडली तर आतलं प्रमाण शंभरावरून शून्याकडे येताना या पट्ट्यातून जाणारच, आणि त्या क्षणी एखादी ठिणगी पुरे. म्हणून आधी नायट्रोजन सोडतात. नायट्रोजन जळत नाही आणि जाळतही नाही. तो गॅसला पुढे ढकलून बाहेर काढतो. मीटरवर गॅस जवळजवळ शून्य झाला की मगच हवा.

नायट्रोजनचा वेगळा धोका आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. त्याला वास नाही, रंग नाही, त्यात घुसमटल्यासारखंही होत नाही. भरलेल्या टाकीत माणूस उतरला तर दोन-चार श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. म्हणून आत कुणी जाण्याआधी प्राणवायू मोजतात. १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर प्रवेश नाही.

नाकावर विसंबायचं नाही. घरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. मिथेनला स्वतःचा वास नसतो, आणि मोठ्या पाइपलाइनमधल्या गॅसमध्ये तो मिसळलेला असेलच असं नाही. मीटरचं रीडिंग, वेळ, घेणाऱ्याची सही, हे सगळं परमिटवर लिहून गेटवरच्या फळ्यावर लावतात. आमच्याकडे फळ्यावर शून्य लागल्यानंतर तीन आठवड्यांनी पहिला कटर पेटला. वहिनींना दिसलेल्या ठिणग्या त्या कटरच्या. त्या दिवशी अख्ख्या प्लॉटवर जळणारा गॅस कुठे असेल तर तो कापणाऱ्यांच्या एलपीजी सिलिंडरमध्ये.

गॅस गेला म्हणजे सगळी घाण गेली असं मात्र नाही, आणि शेजाऱ्यांनी खरं तर बाकीच्या गोष्टींची चौकशी करायला हवी. टर्बाइनचं वंगण तेल, ट्रान्सफॉर्मरचं तेल, बॅटऱ्यांमधलं शिसं आणि आम्ल. बॉयलरच्या पाण्यातला प्राणवायू काढायला पूर्वी सर्रास वापरलं जाणारं हायड्राझिन, जे विषारी आहे. वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचगिअरमधला एसएफ-६ वायू, जो हवेत सोडला तर कार्बन डायऑक्साइडच्या २० हजारपटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो आणि म्हणून पंपाने परत काढून घ्यावा लागतो. पाइपांवरचं लॅगिंग, म्हणजे उष्णता राखणारं वेष्टण, जुन्या प्लांटमध्ये त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. यातला घातक कचरा तळोज्याच्या प्रक्रिया केंद्रासारख्या परवानाधारक ठिकाणीच जायला हवा, नाल्यात किंवा भंगारवाल्याच्या मागच्या अंगणात नाही. मी निवृत्त आहे, मला आत कुणी अडवत नव्हतं, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी चक्कर मारत होतो. ट्रान्सफॉर्मरचं तेल टँकरने नीट गेलं. पण उंचावर कापणारी पोरं चपला घालून, सुरक्षा पट्ट्याशिवाय उभी होती. बावीस-तेवीसची असतील. मी तिथल्या सुपरवायझरशी भांडलो. दुसऱ्या दिवशी सहा जणांना पट्टे मिळाले, बूट चौघांनाच.

टर्बाइन भंगारात जात नाहीत. तासांचा हिशेब नीट ठेवलेला असेल तर त्यांना गिऱ्हाईक मिळतं. आमची दोन्ही विकली गेली. विकायची म्हणून बंद काळात आतली हवा कोरडी ठेवली होती, नाहीतर खाडीच्या दमटपणाने एका पावसाळ्यात पात्यांना खड्डे पडले असते.

त्या जागी काय येणार हे ठरलेलं आहे म्हणतात: डेटा सेंटर. ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात ती झपाट्याने उभी राहतायत. डेटा सेंटरला चोवीस तास वीज लागते आणि तेवढाच गारवा. गरम वाफेपासून थंड पाणी करणारी यंत्रं आहेत, लिथियम ब्रोमाइडवर चालणारी, आणि ती पुण्यातही बनतात. म्हणजे वैलावर ठेवायला नवं भांडं अगदी दारात आलंय. गॅस जाळला की घनमीटरमागे दोन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातोच, भावाची भीतीही तीच. तरी मला वाटतं की असा एखादा प्लांट पाडण्याआधी शेजारी येणाऱ्या नव्या माणसाला एकदा विचारायला हवं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली होती, आठवत असेल. कळव्याकडच्या लाइनी पडल्या होत्या. त्या दिवशी आमचं एक टर्बाइन ग्रिडपासून सुटून एकट्याने चालत राहिलं. रिॲक्टरमधला एकही बॅच वाया गेला नाही.

शेवटी बॉयलर राहिले. प्रत्येक बॉयलर बाष्पके संचालनालयात नोंदलेला असतो, त्याचा क्रमांक ड्रमच्या पोलादावर ठोकलेला असतो. आपल्या राज्यात तो 'एमआर' ने सुरू होतो. तो मोडीत काढला की नोंद रद्द करून घ्यावी लागते, म्हणजे तोच ड्रम उद्या दुसरीकडे गुपचूप वापरता येत नाही. ड्रम कापण्याआधी मी मॅनहोलमधून आत डोकं घालून टॉर्च मारला. गंज नव्हता, क्षारांचं कवच नव्हतं. सगळीकडे काळसर करड्या रंगाचा पातळ, एकसारखा थर होता. लोखंडाचाच तो एक ऑक्साइड, पाणी वर्षानुवर्षं नीट सांभाळलं तरच असा बसतो आणि पोलादाला राखतो. तीन पाळ्यांत दर चार तासांनी पाण्याचा नमुना घेणाऱ्या आमच्या केमिस्ट पोरींना मी त्याचा फोटो पाठवला. दुपारी कटरने ड्रमचे चार तुकडे केले आणि ट्रेलर तळोज्याच्या दिशेने गेला.